खोल स्नायूतलं रक्त उजेडाने मोजायचं होतं: माझी अडीच वर्षं

गेल्या महिन्यात माझ्या अभ्यासातल्या शेवटच्या पेशंटचं मोजमाप झालं. त्या दिवशी रूमवर येऊन ठरवलं की आता सगळं लिहून काढायचं, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये सुरुवात केली तेव्हा मी इंटरनेटवर खूप शोधलं होतं आणि पेपर भरपूर मिळाले, पण "लेसर कसा मागवायचा, एथिक्स कमिटी काय विचारते, पहिले सहा महिने काहीच येत नसेल तर काय बघायचं" हे कुणीच मराठीत काय, धड इंग्रजीतही लिहिलेलं नव्हतं. मी पुण्यात पीएचडी करते, मूळची सोलापूर जिल्ह्यातली, फिजिक्सची विद्यार्थिनी. वैद्यकीय काहीच येत नव्हतं. तुम्ही पण अशाच ठिकाणी उभे असाल तर हे तुमच्यासाठी.

आधी विषय काय ते सांगते. सरांच्या ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले पेशंट येतात, बरेचसे डायबिटीसवाले. मॅडम म्हणाल्या की डॉपलर सोनोग्राफीवर मोठ्या धमन्या दिसतात, पण धमनीतून आलेलं रक्त पोटरीच्या स्नायूत आत बारीक केशवाहिन्यांपर्यंत किती पोचतंय हे पलंगाशेजारी बसून, सुई न टोचता, सतत बघायचं तर हाताशी काही नाही. लेसर डॉपलर म्हणून एक यंत्र असतं पण ते त्वचेतलं मिलिमीटरभर बघतं. आम्हाला हवं होतं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत.

त्याला एक पद्धत आहे, डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी, सगळे डीसीएस म्हणतात. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड बोआस, कॅम्पबेल आणि अर्जुन योध यांनी त्याचा पाया घातला. कल्पना अशी. अंधारात मोबाईलचा टॉर्च तळहाताला लावला की हात लाल दिसतो, म्हणजे उजेड आत जातो आणि बाहेरही येतो, फक्त सरळ येत नाही, हजार ठिकाणी धडकून येतो. घाटात धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यावर समोर नुसतं पांढरं दिसतं ना, तसं. आता त्या उजेडाऐवजी लेसर घेतला तर बाहेर येणाऱ्या उजेडात बारीक काळे-उजळ ठिपके पडतात, त्याला स्पेकल म्हणतात, आणि आत लाल पेशी हलत असल्यामुळे हे ठिपके सारखे लुकलुकत राहतात. रक्त जोरात तर लुकलुक जोरात, रक्त मंद तर लुकलुक मंद. आपण फक्त एका ठिपक्यातले फोटॉन मोजायचे आणि बघायचं की आत्ताचा उजेड आणि काही मायक्रोसेकंदांनंतरचा उजेड एकमेकांशी किती जुळतो. हे जुळणं किती पटकन ढासळतं त्याचा कर्व्ह म्हणजे ऑटोकोरिलेशन. कर्व्ह लवकर पडला तर प्रवाह जास्त. बस, एवढंच. ही कल्पना मला पहिल्या दिवशी कळली, ती हातात यायला २३ महिने लागले.

तर खरेदी. सप्टेंबर २०२२ मध्ये यादी केली: ७८५ नॅनोमीटरचा लेसर, दोन सिंगल फोटॉन डिटेक्टर, सिंगल मोड फायबर, काउंटर कार्ड. हार्डवेअर कोरिलेटर म्हणून वेगळा डबा मिळतो पण तो महाग, शिवाय आता साध्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरने कोरिलेशन काढता येतं, म्हणून तो वगळला आणि तो निर्णय चांगला ठरला (त्याबद्दल पुढे). जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) तेव्हा या वस्तू नव्हत्या, तर "उपलब्ध नाही" असा रिपोर्ट काढावा लागला, तो इंडेंटला (खरेदीच्या मागणीपत्राला) जोडायचा, मग स्पेसिफिकेशन, कोटेशन, परचेस कमिटी, मिनिट्स, सह्या. माझा पहिला इंडेंट परत आला कारण मी स्पेसिफिकेशनमध्ये एका कंपनीच्या ब्रोशरमधली वाक्यं जशीच्या तशी टाकली होती, म्हणजे दुसरं कुणी बसणारच नाही असं ते झालं. स्टोअर्समधल्या काकांनी समोर बसवून सांगितलं, "ताई, तुला काय काम करायचंय ते लिही, कुठली वस्तू पाहिजे ते नको." हे एक वाक्य मला महिनाभर आधी कुणी सांगितलं असतं तर! म्हणजे "२५ मिलिवॉटपेक्षा जास्त पॉवर, कोहेरन्स लेंग्थ ५ मीटरपेक्षा जास्त" असं लिहायचं आणि प्रत्येक आकड्यापुढे तो का पाहिजे याची एक ओळ.

खर्च सांगते, आम्हाला पडले ते आकडे. डिटेक्टर प्रत्येकी ४ लाख १० हजार, लेसर ७ लाख ८० हजार, काउंटर कार्ड १ लाख ६० हजार, फायबर आणि कनेक्टर मिळून ९० हजारांच्या आसपास. यात टॅक्स वेगळा. संशोधन संस्थांना ५ टक्के जीएसटीची सवलत होती ती जुलै २०२२ मध्ये गेली, आणि आमचं बजेट त्याच्या आधी बनवलेलं, त्यामुळे तिसरा डिटेक्टर तिथेच कापला गेला. प्रपोजल लिहिताना टॅक्सचा आकडा त्या महिन्याचा बघा, सीनियरच्या जुन्या फाइलमधला उचलू नका.

डिटेक्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये आले. लेसर मात्र आला नव्हता आणि मला धीर नव्हता. लॅबमध्ये एक साधा ७८५ चा डायोड लेसर पडलेला होता, तो लावला, दुधाळ पाण्याचा डबा समोर ठेवला आणि मोजायला लागले. फोटॉन मस्त येत होते, सेकंदाला हजारो. कोरिलेशन मात्र सपाट. १.०१ वर सरळ रेघ. मी मार्च, एप्रिल आणि अर्धा मे कोड तपासत बसले. फायबर बदललं, डिटेक्टरची अदलाबदल केली, काउंटर कार्डचं मॅन्युअल दोनदा वाचलं, रात्री मेसमधून परत येऊन पुन्हा वाचलं. घरी आईला फोनवर "चाललंय" एवढंच सांगायचे.

कारण शेवटी यादीत मीच लिहिलेलं होतं, कोहेरन्स लेंग्थ. लेसर आत जातो तिथून फोटॉन २.५ सेंटिमीटरवर बाहेर येतो पण तो सरळ येत नाही, सरासरी त्याच्या पाच-सहा पट वाट तुडवून येतो, आणि प्रत्येकाची वाट वेगळी, कुणाची दहा सेंटिमीटर कुणाची तीस. एवढ्या वेगवेगळ्या लांबीच्या वाटांवरून आलेल्या लाटांनी एकमेकांशी खेळून स्पेकल बनवायचा तर लेसरची लय तेवढ्या अंतरापर्यंत टिकली पाहिजे. त्या साध्या डायोडमध्ये एकाच वेळी अनेक रंगछटा नाचत होत्या, लय मिलिमीटरभर अंतरातच तुटत होती. स्पेकल बनतच नव्हता, तर लुकलुकणार काय. स्पेसिफिकेशनमध्ये मी ५ मीटर लिहिलं होतं पण ते पेपरमधून उचललं होतं, का ते मनात उतरलं नव्हतं. अडीच महिने गेले, पण हा एक मुद्दा मला आता झोपेतही सांगता येतो.

खरा लेसर मेमध्ये मुंबईला उतरला आणि विमानतळावर २३ दिवस थांबला. चूक आमच्याच कागदात होती. इनव्हॉइसवर "लेसर" कस्टम्सच्या ९०१३ या कोडखाली होता आणि आमच्या पत्रात मी "लेसर डायोड" असं लिहिलं होतं, तो वेगळा कोड, ८५४१. दोन्ही कागद जुळेनात म्हणून क्वेरी. नवीन पत्र, डायरेक्टरांची सही (ते दौऱ्यावर), मग हे मानवी उपचारासाठी विकायचं उपकरण नाही, संशोधनासाठी आहे असं अंतिम वापराचं पत्र, आणि १८ हजार रुपये डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं). तेव्हा एक सांगणं: परदेशातून काहीही मागवताना वस्तूचं नाव प्रत्येक कागदावर शब्दाला शब्द तेच ठेवा, एक शब्दही सुंदर करायला जाऊ नका.

७ जुलै २०२३. लेसर लावला, दिवे बंद केले, डबा तोच. कर्व्ह १.४८ पासून सुरू झाला आणि छान उतरत खाली १ ला टेकला. थिअरीत सिंगल मोड फायबरला आणि पोलरायझर नसताना जास्तीत जास्त १.५ येतो. मी स्क्रीनकडे बघत बसले, मग शेजारच्या लॅबमधल्या दादाला ओढत आणून दाखवला, त्याचा विषय पॉलिमर, तरी तो पण खूश झाला.

पण त्या कर्व्हवर १० मिलिसेकंदांपाशी एक छोटा उंचवटा होता. आणि मग २० ला, ३० ला. ट्यूबलाइट! कॉरिडॉरमधली. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, तो उजेड दाराच्या फटीतून येऊन फायबरमध्ये शिरत होता. लक्ष्मी रोडवरून ६०० रुपयांचं काळं वेल्व्हेट आणलं, दोन पदर केले, प्रश्न मिटला. इथे एक गंभीर सूचना आहे, हे डिटेक्टर चालू असताना खोलीचा दिवा लावायचा नाही, कधीच नाही, उजेड जास्त झाला की चार लाखांची वस्तू मरते. आम्ही स्विचबोर्डवर चिकटपट्टी लावली आणि दारावर पाटी. आणि दुसरी, ७८५ चा लेसर डोळ्याला अगदी मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो, त्यामुळे तो कमजोर वाटतो. तो तसा नाही, डोळ्याला ते बहुतेक दिसतच नाही एवढंच. गॉगल घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी आत यायचं नाही.

मग फँटम. फँटम म्हणजे खोटा स्नायू. पाण्यात इंट्रालिपिड टाकायचं (शिरेतून देतात ते फॅटचं सलाईन, २० टक्क्यांची बाटली, मेडिकलमधून डिपार्टमेंटच्या पत्रावर मिळते) आणि थोडी काळी शाई. इंट्रालिपिडचे कण उजेड विखुरतात, शाई शोषते. हे कण स्वतःच पाण्यात थरथरत असतात, ब्राउनियन मोशन, त्यामुळे प्रवाह नसतानाही कर्व्ह पडतो आणि त्यातून जो डिफ्यूजनचा आकडा येतो तो सेकंदाला साधारण १० चा उणे आठवा घात चौरस सेंटिमीटर असा यायला पाहिजे. आला. ग्लिसरीन टाकून पाणी घट्ट केलं की आकडा कमी व्हायला पाहिजे. झाला. गंमत अशी की खऱ्या स्नायूतही रक्ताचा कर्व्ह बसवायला हेच थरथरण्याचं गणित वापरतात, सरळ वाहण्याचं गणित डेटाला तितकं जुळत नाही. मला हे आधी पटतच नव्हतं. पेशी वाहतात तर गणित थरथरण्याचं कसं? त्यावर अजून लोक काम करतात, पण एवढं लक्षात ठेवा की मिळणारा आकडा हा "ब्लड फ्लो इंडेक्स" आहे, मिनिटाला किती मिलिलिटर असा नाही. आपण म्हणू शकतो की आधीपेक्षा दुप्पट झालं, निम्मं झालं. शिवाय स्नायू उजेड किती विखुरतो याचा अंदाज १० टक्के चुकला तर इंडेक्स २० टक्क्यांच्या आसपास चुकतो. म्हणून दोन माणसांचे थेट आकडे शेजारी ठेवताना फार जपून.

फँटमवर मी कंटाळा येईपर्यंत काम केलं आणि ते बरं झालं. पुढे एप्रिल २०२४ मध्ये एसी बंद पडला होता, त्या आठवड्यात आकडे अचानक २० टक्क्यांनी वर. आधी वाटलं लेसर गेला, पोटात गोळा आला. मग थर्मामीटर बुडवला, फँटम २४ अंशांऐवजी ३२ अंशांवर. पाणी पातळ होतं, कण जास्त थरथरतात, गणिताने बघितलं तर बरोब्बर तेवढाच फरक यायला पाहिजे होता. म्हणजे यंत्र इतकं नीट चाललं होतं की त्याने पुण्याचा उन्हाळा मोजला. तेव्हापासून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहिते.

आता एथिक्स कमिटी. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण याचीच सगळ्यात जास्त भीती होती.

सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की मंजुरी येईपर्यंत कुणाच्याही हाताला प्रोब (यंत्राचा त्वचेला लावायचा भाग) लावायचा नाही, स्वतःच्याही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्ज दिला, मॅडमच्या हॉस्पिटलच्या कमिटीकडे. कागद: प्रोटोकॉल, सगळ्यांचे सीव्ही, जीसीपी म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं (ऑनलाइन होतं, दोन दिवस लागतात, आधीच करून ठेवा), माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी, हिंदी, इंग्रजीत, मराठीचं परत इंग्रजीत केलेलं भाषांतर, उपकरणाच्या सुरक्षिततेची माहिती, इन्शुरन्सची तरतूद, बजेट. १४ प्रती, स्पायरल करून. झेरॉक्सचेच २,९०० रुपये.

मीटिंग नोव्हेंबरमध्ये. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे कमिटीत डॉक्टरांशिवाय एक वकील, एक समाजशास्त्राचं माणूस आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. मला वाटलं होतं डॉक्टर लोक अवघड विचारतील. त्यांनी लेसरची पॉवर विचारली, ती तयारी होती: त्वचेवर ७८५ नॅनोमीटरला चौरस सेंटिमीटरला साधारण ३०० मिलिवॉटची मर्यादा आहे, आमचे २५ मिलिवॉट ४ मिलिमीटरच्या ठिपक्यावर पसरवले की २०० च्या आसपास येतात. फायबरचं टोक थेट त्वचेला लावलं तर ही मर्यादा ओलांडली जाते, म्हणून मध्ये डिफ्यूझर. ठीक झालं.

मग सामान्य नागरिक म्हणून ज्या बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, त्यांनी माझं मराठी माहितीपत्रक वर धरलं आणि एक वाक्य मोठ्याने वाचलं. "या पद्धतीत अवरक्त प्रकाशाच्या प्रकीर्णनाद्वारे ऊतींमधील रक्ताभिसरणाचे मापन केले जाते." वाचून म्हणाल्या, "बाळ, मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. मला हे कळलं नाही. ज्याचा पाय दुखतोय त्याला काय कळणार? आणि कळलं नाही तर त्याची सही कशाची?" खोलीत कुणीच काही बोललं नाही. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. बाईंनीच विचारलं, "मला सांग, बोलून. काय करणारेस?" मी सांगायला लागले, अडखळत, आणि माझ्या तोंडून निघालं ते गावाकडचं: मोठ्या पाटाला पाणी आहे हे डॉपलरवर कळतं, शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतंय का ते बघायचंय. बाई म्हणाल्या, "हेच लिही."

लिहिलं. सगळं पत्रक नव्याने. "लेसर लावल्यावर चटका बसत नाही, उबही जाणवणार नाही." "मांडीला पट्टा बांधून ३ मिनिटं घट्ट करू, बीपी बघताना हाताला करतात तसाच पण जास्त वेळ, पाय जड होईल, मुंग्या येतील, नको वाटलं तर लगेच सांगा, त्याच क्षणी सोडू." "या तपासणीने तुमच्या उपचारात बदल होणार नाही. तुम्हाला थेट फायदा नाही. पुढच्या लोकांना होऊ शकतो." हे शेवटचं लिहायला सगळ्यात जड गेलं, पण ते खरं आहे. दुसरी मोठी सूचना वकिलांची होती, निरोगी स्वयंसेवक म्हणून स्वतःच्याच लॅबची मुलं घेऊ नका, गाइडसमोर ती नाही म्हणू शकत नाहीत. मग दुसऱ्या कॉलेजांमधून घेतले, येण्याजाण्याचे ३०० रुपये देऊन.

डिसेंबरमध्ये पुन्हा अर्ज, १९ फेब्रुवारी २०२४ ला मंजुरी. त्यानंतर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी, पहिल्या माणसाच्या आधी ती झालीच पाहिजे. ती फुकट असते पण क्वेऱ्या येतात, आम्हाला तीन आल्या, सहा आठवडे. एथिक्सचं पत्र आल्याच्या दिवशीच फॉर्म भरायला घ्या आणि प्रोटोकॉलमधली संख्या, वयोगट, शीर्षक तिथे अगदी तसंच टाका. कस्टम्सचाच धडा परत.

२२ जून २०२४, पहिली स्वयंसेविका, बीएससीची मुलगी. हातापासून सुरुवात करायची असं ठरलं होतं. पुढचा हात उशीवर, प्रोब मायक्रोपोरने चिकटवलेला, वर वेल्व्हेट. पाच मिनिटं शांत. मग दंडाचा कफ २२० ला. दोन-तीन सेकंदांत कर्व्ह उजवीकडे सरकला. ढासळायला उशीर करायला लागला, म्हणजे आत लुकलुक मंदावली. इंडेक्स खाली, खाली, बेसलाइनच्या (सुरुवातीच्या शांत रीडिंगच्या) दहाव्या भागाच्या आसपास जाऊन थांबला. शून्य होत नाही कारण रक्त थांबलं तरी पेशी थोड्या हलत राहतात. तीन मिनिटं. मी घड्याळ बघत होते आणि तिला "बरं वाटतंय ना" विचारत होते, ती म्हणाली मुंग्या आल्यात फक्त. कफ सोडला. आणि इंडेक्स उसळला, बेसलाइन ओलांडून चौपट, मग हळूहळू मूळ जागी. उपाशी राहिलेला स्नायू दार उघडल्यावर रक्त ओढून घेतो ना, ते. पुस्तकात वाचलेलं, पेपरमध्ये बघितलेलं, पण आपण बांधलेल्या डब्यातून, एका समोर बसलेल्या मुलीच्या हातात आत्ता होताना बघणं वेगळंच. सर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

इथे सॉफ्टवेअर कोरिलेटरचा फायदा कळला, कारण कच्चे फोटॉन आमच्याकडे साठवलेले होते. कफ सोडल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत बदल इतका पटकन होतो की ३ सेकंदांची सरासरी घेतली तर शिखर बुजतं, नंतर तेच पुन्हा अर्ध्या सेकंदाने काढता आलं.

मोजताना शिकलेल्या गोष्टी, जशा आठवतात तशा. प्रोबवरचं इलॅस्टिक बँडेज घट्ट असेल तर तेच रक्त दाबतं, आमचे पहिले चार जण त्यामुळे फुकट गेले. फायबर लोंबकळू देऊ नका, ते हललं की कर्व्ह हलतो आणि ते रक्त वाटतं. दाट केस, टॅटू, तीळ यावर लावू नका. सावळ्या त्वचेत उजेड जास्त शोषला जातो, फोटॉन कमी येतात, माझ्याच हातावर गोऱ्या मैत्रिणीच्या जवळपास निम्मे. कर्व्हचा आकार त्याने बदलत नाही पण तो खरखरीत होतो, म्हणून आम्ही वेळ जास्त घेतला. आपल्याकडे अशी यंत्रं आणायची तर हे सुरुवातीपासून धरलं पाहिजे, नंतर सुचून चालणार नाही. पोटरीवर चरबीचा थर जाड असेल तर तुम्ही स्नायू न मोजता चरबीच मोजत बसता, सोनोग्राफीवर जाडी बघून घ्या. आणि खर्चाने घाबरला असाल तर आयआयटी बॉम्बेमध्ये प्रा. हरी वर्मा यांच्या गटाने फोटॉन डिटेक्टरऐवजी कॅमेऱ्याने स्पेकल बघून हेच कमी खर्चात करायचं काम केलंय, २०१९ चा त्यांचा पेपर आहे, ते आधी वाचा.

पेशंट नोव्हेंबर २०२४ पासून. आठवड्याला एखादा, कधी तोही नाही. सकाळी सातला ट्रॉली ढकलत ओपीडीच्या मागच्या खोलीत जायचं, खिडक्यांना काळा कागद लावायचा, एक तास यंत्र तापू द्यायचं, आणि पेशंट आलाच नाही तर सगळं परत. बस चुकली, सोबतचं माणूस कामावर गेलं, उपाशीपोटी शुगर उतरली. मी चिडायचे आधी. नंतर त्यांचे पत्ते बघायला लागले, कोण कुठून येतंय ते, आणि चिडणं थांबलं.

सातवे पेशंट एक आजोबा होते, माझ्याच जिल्ह्यातले, ऊस आणि थोडी ज्वारी. सही येत नव्हती, अंगठा. अशा वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, वॉर्डातल्या मावशींना बोलावलं. मी पत्रक वाचून दाखवत होते आणि पाटाच्या ओळीवर आले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "टेलला पाणी पोचत न्हाई, हेच ना? आमचं रान टेललाच हाय. मला नगं सांगू." मग अंगठा दिला.

मांडीचा कफ, तीन मिनिटं. चेहऱ्यावर दुखणं दिसत होतं, मी दोनदा विचारलं सोडू का, म्हणाले घड्याळ बघ तू. सोडला. तरुण मुलांमध्ये इंडेक्स काही सेकंदांत उसळतो. यांचा रांगत वर आला. वीस सेकंद, चाळीस, मिनिट होऊन गेलं तरी अजून चढत होता, शिखर आलं तेही बुटकं. अशा पेशंटमध्ये असंच होतं हे मला माहीत होतं, पेनसिल्व्हेनियाच्या गटाने २००५ मध्येच दाखवलेलं आहे. त्यांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला सांगितली. रेघ बघितली.

"पोचतंय का गं पोरी?"

मी पत्रकातलं सांगितलं. की आजोबा, हे अजून तपासणी म्हणून वापरत नाहीत, यावरून मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, तुमच्या पायाचं डॉक्टर मॅडम सांगतील, त्या बाहेरच आहेत. त्यांनी मान हलवली. प्रोब काढला, चिकटपट्टीचा चिकटा स्पिरिटने पुसला, पायात चप्पल घालायला मदत केली. तीनशे रुपये आणि बसचं तिकीट याची सही, म्हणजे अंगठा, वेगळ्या कागदावर घ्यायची असते, ती घेतली. दारात थांबून म्हणाले, "उशिरा येतंय, पर येतंय. बघितलं मी."

मॅडमकडे त्यांना मी स्वतः घेऊन गेले.